ओल

टॉडमॉर्डनला आमच्या गल्लीतल्या चौदा घरांत
भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीला एकच रेघ आहे.
नदी कुठवर आली होती, त्याची खूण.
कुणी ती रंगवून टाकली, कुणी पुढे कपाट सरकवलं,
ग्लेनिस सटक्लिफनं मात्र शेजारी पेन्सिलीनं तारीख लिहिली,
नातवंडांच्या उंच्या लिहून ठेवतात तशी.

यादीही तिनंच सुरू केली.
ग्रंथालयातून निवृत्त झालेली बाई,
तिला कुठलाच कागद बेवारशी बघवत नाही.
म्हणाली, रात्री-बेरात्री जे शोधता
ते आपापल्या फोनात कोंडून ठेवू नका.
सगळ्यांच्या वाचनखुणा एका जागी ठेवू.

मग जो तो ठेवू लागला.
चुन्याचा गिलावा किती दिवस सुकू द्यावा.
विमा कंपनीला पहिलं पत्र, दुसरं पत्र,
आणि तिसरं, ज्यात कृपया हा शब्द नाही.
दर पंधरा मिनिटांनी नदीची पातळी सांगणारं पान.
हॅलिफॅक्सहून गिलाव्याच्या कामाला येणाऱ्या नवीदनं
एक जुना व्हिडिओ ठेवला, खाली ताकीद:
सिमेंट थापणार असाल तर मला बोलावू नका.

प्रत्येक खुणेला एक शब्द चिकटवायचा, म्हणजे ती सापडते.
ग्लेनिसचे शब्द नेटके, खणांवरच्या चिठ्ठ्यांसारखे.
डेरेकचा दर वेळी नवा, स्पेलिंगसकट.
बोझेनाचा एकच: तातडीचं.
तिच्या तळघरात पाळणा तरंगत होता,
बाळ यायला तेव्हा पाच आठवडे होते.

मी एकदा रात्री दोन वाजता
हवा सुकवणाऱ्या यंत्राच्या घरघरीत
एक पान ठेवलं, आणि शब्दाच्या चौकटीत
बोटांनी आपसूक लिहिलं: ओल.
सकाळी पुसायचं राहून गेलं.

ग्लेनिसनं विचारलं, हे काय?
वर छप्पर, त्यातून काहीतरी गळतंय असं दिसतं.
म्हटलं, बरोबर ओळखलंस. भिंतीत असते ती.
मग राहवेना म्हणून पुढचंही सांगितलं,
की आमच्याकडे पेरायच्या आधी मातीत बोट खुपसून
हीच आहे का बघतात,
की माणसाच्या बोलण्यात ती असली
तर त्याच्याकडे पुन्हा जावंसं वाटतं.
ती म्हणाली, यॉर्कशरमध्ये अंगात ओल आहे म्हटलं
तर डॉक्टरकडे पाठवतील.

तरी त्याच आठवड्यात तिनं तो शब्द उचलून
स्वतःच्या तीन पानांना लावला.
मग नवीदनं. मग डेरेकनं, उलटा,
'लओ' असा, तरी आम्हाला सापडला.

मार्चअखेर भिंती सुकल्या. मीटरचा काटा हिरव्यात आला.
आता यादी आटेल असं वाटलं होतं.
पण ओल या शब्दाखाली पानं येतच राहिली.
लीक-बटाट्याच्या सूपची कृती.
एकमेकांना चिकटलेले भिजके फोटो सोडवायची पद्धत:
गार पाण्यात, घाई न करता.
टेकडीवर शेवाळ लावून पाणी थोपवणाऱ्यांची शनिवारची वेळ.
बोझेनानं ठेवलेलं एक पोलिश अंगाईगीत,
ज्यावर तातडीचं लिहिलेलं नव्हतं.
एक पान उघडतच नाही, मूळ जागेवरून गेलंय.
कुणी ठेवलं ते दिसतं, काय होतं ते नाही.
डेरेकला विचारलं. म्हणाला, असू दे ना.

काल मोजल्या. एकसष्ट खुणा.
त्यातल्या माझ्या नऊ.

ग्लेनिसनं आता साफसफाई काढली आहे.
दुबार शब्द गाळते, डेरेकची स्पेलिंगं सुधारते.
रात्री तिचा निरोप आला:
डॅम्प आणि तुझा तो, अर्थ एकच ना? जोडून टाकू?

मी 'हो' लिहिलं. खोडलं.
'नको' लिहिलं, तेही खोडलं.
बाहेर नदी तिच्या पायरीवर,
पंधरा मिनिटांपूर्वीच्या आकड्यानुसार चाळीस सेंटिमीटर.
मी काही ठरवायच्या आत तिचाच दुसरा निरोप:

थांब जरा.
सूपचं काय करायचं?